मोटवाली पिशवी बंद झाली तेव्हा

आत्या, मोटवाली पिशवी सिडकोत कुठेच मिळत नाही. आपल्या नेहमीच्या दुकानात नाही, कॅनॉटच्या मागच्या दुकानात नाही, चिकलठाण्याच्या रस्त्यावर नव्या सोसायट्यांसाठी उघडलेल्या त्या एसीवाल्या दुकानातही नाही. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, "मॅम, ही ज्वारी आमच्याकडे कधी नव्हतीच." मी थँक्यू म्हणून बाहेर आले. गाडी सुरू केली, पुढे कुठे जायचं ते सुचेना, म्हणून बंद केली आणि हेल्मेट घालून तशीच उन्हात बसून राहिले.

तू गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. या बावीस दिवसांत मी घरात नीट बसलेली नाही. बसले की उठावंसं वाटतं. ओट्यापाशी जाते, डबे उघडते, पुन्हा झाकणं लावते. बाबा विचारतात, "काय शोधायलीस गं?" मी म्हणते, काही नाही. परवा त्यांनीच काम दिलं. म्हणाले, "महिन्याच्या दिवशी अक्काला ताट वाढायचं. भाकरी पाहिजे. इंदू येईल गावाहून करायला. तू तेवढी चांगली ज्वारी आणून ठेव."

चांगली ज्वारी. ते सहज बोलून गेले आणि पेपर वाचायला लागले. मी मात्र तिथून उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

तुझ्यासाठी कुठल्याच मालाला नाव नव्हतं, चित्र होतं. विहीर, मोट आणि दोन बैल म्हणजे ज्वारी. कंदिलाचा चहा, हरणाचे पोहे. दुकानात फळीवरचं सगळं इकडचं तिकडे केलं तरी तू लांबून चित्र ओळखायचीस. पिशवीवरचं इंग्रजी वाचायला मी होते. पहिलीत गेले तेव्हापासून हे काम माझ्याकडे होतं. "वाच गं, काय लिव्हलंय?" मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. तू सगळं ऐकून घ्यायचीस, अगदी 'कोरड्या जागी ठेवावे' इथपर्यंत. मग म्हणायचीस, "एवढं शिकवलं त्याचं सोनं झालं." मी शाळेत हात वर न करणारी मुलगी होते. आपल्या स्वयंपाकघरात मात्र माझ्या वाचनाला मान होता.

आणि हेही लिहून ठेवते, नाहीतर राहून जाईल. आई गेल्यानंतर जो येईल तो मला म्हणायचा, "बोल की गं काहीतरी, तोंड उघड." तू एकदाही म्हणाली नाहीस. शाळेतून आले की गरम भाकरीचा पापुद्रा सोलून त्यात तेल-चटणी घालून हातात द्यायचीस आणि आपलं काम करत राहायचीस. मी ओट्याखाली बसून खायचे. कधी कधी तासभर आपण दोघी एक शब्द बोलायचो नाही. तेवढा निवांतपणा मला पुढे कुणाहीजवळ मिळाला नाही.

पण मग तो गुळाचा दिवस.

नेहमीच्या दुकानात ढेपेचा काळसर गूळ बंद झाला होता आणि त्या जागी पिवळ्या चौकोनी वड्यांचे डबे लागले होते. काउंटरवरच्या बाईंना तू विचारलंस, "ओ मॅडम, काळा गूळ कुठं ठिवला?"

"आजी, तो आता वरूनच येत नाही."

"वरून म्हंजे? पाऊस हाय का गूळ?"

रांगेतले लोक हसले. तुला हसणारी माणसं मिळाली की तू थांबायची नाहीस. तू डबा उघडलास, एक वडी मोडून तोंडात टाकलीस, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "गोड हाय बरं का. पण वास कुठंय ह्याला? वास काढून कुठं विकला तुम्ही?" आता मॅनेजर येत होता, बाई "आजी, पॅक फोडायचा नसतो" म्हणत होत्या, आणि रांगेत तिसऱ्या नंबरला माझ्या शाळेतली एक मुलगी तिच्या नवऱ्याबरोबर उभी होती. मी सरकत सरकत शाम्पूच्या फळीपाशी गेले. एक बाटली उचलली आणि तिच्या मागचं वाचायला लागले. तू हाक मारलीस, "स्नेहल! ए स्नेहल, सांग की ह्यांना!" मी वळले नाही. बाटलीवर काय लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे.

तू दुसरी हाक मारली नाहीस.

येताना गाडीवर तू माझ्या खांद्यावर हात ठेवला नाहीस, मागची दांडी धरलीस. त्यानंतरच्या महिन्यात म्हणालीस, "तूच जात जाय बाई दुकानात. माझा गुडघा लई दुखायलाय." त्याच आठवड्यात तू तीन जिने चढून गच्चीवर पापड वाळत घातले होतेस. मला ते दिसलं होतं. मला दिसलं होतं हे तुला कळलं होतं. आपण दोघीही काही बोललो नाही. आपल्या घरात भांडण असंच व्हायचं, आवाज न होता, आणि म्हणून ते कधी मिटायचंही नाही.

दिवाळीनंतर मोटवाली पिशवी गेली. फळीवर तिच्या जागी क्विनोआ होता आणि खाली दुकानाची स्वतःची पांढरी पिशवी, सगळी इंग्रजीत, एकही चित्र नसलेली. दोन फुटांवर एक माणूस किमतीची लेबलं लावत होता. त्याला विचारता आलं असतं. जुनी कुठे मिळेल, ही कशी आहे, ही शाळू आहे की दुसरी कुठली. तू असतीस तर त्याला त्याचं गावसुद्धा विचारलं असतंस. मी पांढरी पिशवी उचलली आणि आले.

"ही कोणची गं?" तू विचारलंस.

"तीच आहे. पॅकिंग बदललंय फक्त."

"असं लिव्हलंय?"

"हो. नवीन पॅकिंग, माल तोच, असं लिहिलंय."

तू पिशवीवर बोट ठेवलंस. "इथं?"

"हो, तिथेच."

तुझं बोट जिथे होतं तिथे कस्टमर केअरचा ईमेल होता. "मग ठीक हाय," म्हणालीस आणि पिशवी डब्यात ओतलीस.

मला फक्त तुझे प्रश्न नको होते. तू पिशवी परत पाठवशील, मला त्या काउंटरवर उभं राहून बोलावं लागेल, एवढीच भीती होती. इतकी लहान गोष्ट होती ती.

दळून आणलेल्या पिठाची पहिली भाकरी परातीतच चिरली. तू म्हणालीस, पाणी गार होतं वाटतं. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याशी भांडून आलीस, जाड दळलं म्हणून. तो बिचारा शपथा घेत होता. मग तू उकळतं पाणी घालून उकड काढलीस, मळून मळून हाताचा तळवा लाल केलास. कडा तरी फाटायच्याच. तव्यावर टाकताना भाकरीचा तुकडा हातात राहायचा. एका संध्याकाळी तू परातीसमोर बसलीस, दोन्ही पंजे उलटसुलट करून बघितलेस आणि म्हणालीस, "हात गेले गं माझे. शुगरनं खाल्ले."

मी तेव्हा काकडी चिरत होते. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलायचं तर पिशवीवर काय लिहिलं होतं तेही सांगावं लागलं असतं, आणि मग तू माझ्याकडे बघितलं असतंस. उद्या सांगू, असं म्हणून मी काकडी चिरत राहिले. खूप बारीक चिरली, ते आठवतंय.

आणि आत्या, एक पिशवी आणली त्याला चूक म्हणता येईल. मी दुसऱ्या महिन्यातही तीच आणली.

बाबांचा डबा वाळूजच्या कंपनीतून अर्धा परत यायला लागला. ते तुला काही बोलले नाहीत, डब्यातले तुकडे गुपचूप बाल्कनीत पक्ष्यांना टाकायचे. शेवटी एकदा फार मायेने म्हणाले, "अक्का, बस कर आता. लई केलंस आमचं. पोळ्यांना बाई लावू." तू "बरं" म्हणालीस. बाबांच्या कुठल्याच गोष्टीला तू एवढ्या लवकर बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. नंतर संध्याकाळी सहा वाजले की तू बाल्कनीत बसून लसूण सोलायचीस. आपल्याला लागत नव्हता इतका लसूण. पोळ्यावाली बाई विचारायची, "आजी, लोणचं घालायचंय का?" तू म्हणायचीस, "हातांना काम पाहिजे का नाय?"

बाई लागल्यापासून पाचव्या आठवड्यात तू गेलीस.

तेराव्याला गंगापूरकडची सगळी माणसं आली होती. तुझी आणि बाबांची ही धाकटी बहीण, इंदूआत्या, मध्ये बसून रडत होती आणि बोलत होती. कुणीतरी तुझ्या लहानपणीचं काढलं. तू मेंढरांमागे जायचीस तेव्हा सकाळी थापलेली भाकरी फडक्यात बांधून दिवसभर रानात फिरायची आणि संध्याकाळी मऊच निघायची, बाकीच्या पोरी तुझ्याकडे मागायच्या. इंदूआत्या म्हणाली, "अन् त्याच अक्काचे हात गेले व्हते हो शेवटी. भाकर थापता येईना. देवानं येळेवर नेलं म्हणायचं. बसून खाणं जमलं असतं व्हय तिला?" सगळ्यांनी माना हलवल्या. एक म्हातारे म्हणाले, "हात गेले की माणूस गेलंच म्हणा." मी पाण्याचा जग घेऊन तिथेच उभी होते. एकेकाच्या पेल्यात पाणी ओतत पुढे सरकले.

तेव्हापासून हे असं आहे. रात्रंदिवस तेच. आता गावात तुझ्याबद्दल शेवटचं जे माहीत आहे ते हे आहे, आणि ते खरं आहे की नाही हे फक्त मी सांगू शकते. पण मलाही नक्की माहीत नव्हतं ना. शुगर तर तुला खरंच होती. मी मनात एक फट राखून ठेवली होती, की कदाचित ज्वारीचा काही संबंध नसेल, कदाचित हातच गेले असतील. तुझे हात गेले असावेत अशी इच्छा मी करत होते. हे लिहिताना मला उठून चालावं लागलं.

काल शहागंजला गेले. दोन दुकानांत सुट्टी ज्वारी बघितली, विचारायचं धाडस झालं नाही. मग जुन्या मोंढ्यात. तुझी रीत मी पाळली होती. नवं धान्य घ्यायला जाताना घरातलं मूठभर जुनं रुमालात बांधून न्यायचं, वानगी म्हणून, म्हणजे दुकानदाराला तोंडाने वर्णन करावं लागत नाही. तुझ्या सगळ्या रीतींत ही मला सगळ्यात आवडायची, कारण हिच्यात कमी बोलावं लागतं. मी डब्यातली मूठभर बांधून घेतली होती. डब्यात कोणती ज्वारी उरली आहे याचा विचारही केला नाही.

पोत्यांच्या मागे एक म्हातारे चाचा बसले होते. "क्या होना बेटा?"

मी रुमाल सोडून पुढे धरला. त्यांनी दाणे तळहातावर चोळले, वास घेतला, एक दाताखाली धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"हेच पाहिजे?"

"हो. म्हणजे नाही. चांगली पाहिजे."

"हां, तो ऐसा बोल ना. मी म्हटलं, हे शोधत एवढ्या लांब कशाला आली?" त्यांनी दाण्याचा भुगा बोटावर काढून दाखवला. "ये हायब्रीड है, और ऊपर से पुराना माल. गोदामात पडून पडून विरी गेली याची."

"विरी म्हणजे?"

"पिठाचा चिकटपणा, बेटा. इंग्लिश स्कूल?"

"हो."

"दिखताच है. घर में भाकर कौन बनाता?"

"आत्या," मी म्हणाले. वर्तमानकाळातच म्हणाले.

"मग त्या बिचारीला कशाला हैराण करते? ह्याची भाकर कोणाच्या बापाला थापता येणार नाही. हात घासून मरेल ती."

मनातली ती फट त्यांनी त्या एका दाण्याने बुजवली. मला वाटलं होतं, कळलं की निदान बसता येईल कुठेतरी. उलट तिथून निघून जावंसं वाटलं. पण मी गेले नाही. मी विचारलं, ही कोणती? ती कोणती? कुठून येते? नवी केव्हाची? शाळू आणि ही, दिसायला फरक काय? इतके प्रश्न मी आयुष्यात कुठल्या दुकानदाराला विचारले नव्हते. ते सगळ्यांची उत्तरं देत गेले, त्यांना मजा वाटत होती. मालदांडी शाळूचा दाणा माझ्या हातावर ठेवला. "चबा." मी चावला. "कट् बोला?" "बोला," मी म्हणाले. "ले जा मग. फुफी दुआ देगी."

इंदूआत्या यायला अजून आठवडा आहे. पण मला थांबवेना. आज दळून आणली आणि बाबा यायच्या आधी परात घेऊन बसले. तू किती वेळा म्हणाली होतीस, "शीक गं एकदा." मी म्हणायचे, "ऑनलाइन मिळते भाकरी, आत्या." तू म्हणायचीस, "अन् तो ऑनलाइनवाला जेवायला घरी गेला तर?" हा वाद आपण किमान पाच वर्षं घातला. आज तुझं बघून बघून जेवढं डोळ्यांत राहिलं होतं तेवढं केलं. पहिली भाकरी एका अंगाने लांबट झाली, मध्ये जाड, कडेला माझ्या बोटांचे खड्डे. तव्यावर टाकताना दुमडली. पण चिरली नाही, आत्या. पाणी फिरवलं, उलटली, अर्ध्या भागात फुगलीसुद्धा. ज्या मुलीला पीठ किती घ्यायचं ते माहीत नाही तिच्या हातची भाकरी अखंड निघाली. मी गॅस बंद केला आणि ती भाकरी हातात घेऊन उभी राहिले, चटका बसेपर्यंत.

बाबा सातला जेवायला बसले. पिठलं होतं. त्यांनी भाकरी मोडली, खाल्ली, माझ्याकडे बघितलं. "तू केलीस?"

"हो."

"बरी झालीय गं." दुसरा घास घेतला. मला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाले, "अक्काच्या शेवटच्या भाकरींपेक्षा तर लई बरी."

यानंतर गप्प राहणं मला जमलं नाही. मी सगळं सांगितलं. पिशवी, पांढरा रंग, नवीन पॅकिंग, माल तोच. शाम्पूचंही सांगितलं. ते पिठल्याकडे बघत ऐकत होते.

"दोन्ही पिशव्या?"

"दोन्ही."

"मी तिला बस कर म्हणलो," बाबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुला व्हतं."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर चाललं असतं. त्यांनी ताटातली भाकरी संपवली, शेवटच्या तुकड्यापर्यंत, सावकाश. हात धुऊन आले आणि म्हणाले, "इंदूला फोन लाव."

"आत्ता?"

"अक्काचे हात गेले म्हणून तेराव्याला सगळ्या पाहुण्यांत बोलली ती. तू जाऊन दारोदार सांगणार हायेस का?"

"नाही."

"मग लाव."

"तुम्ही सांगता का, बाबा?"

"नाय."

इंदूआत्याने उचलला. "स्नेहल? तू अन् फोन? काय झालं, नाना बरा हाय ना?"

मी म्हणाले, बाबा बरे आहेत. मग म्हणाले, आत्याच्या हातांना काही झालं नव्हतं. मग पहिल्यापासून सांगायला लागले. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हंजे अक्काचे हात..."

"चांगले होते."

"अन् तू तिला म्हणलीस, माल तोच हाय."

"हो."

"असं लिव्हलंय म्हणलीस."

"हो."

"काय केलंस गं पोरी हे." मग नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. तो तुझ्यासारखा आहे, आत्या, नाकातून शिट्टीसारखा. मी फोन ठेवायची वाट बघत होते. ती म्हणाली, "थांब. ठिवू नको." आणि फोनपासून तोंड लांब नेऊन ओरडली, "आवो, इकडं या! सासूबायला बी आणा. शेजारच्या काकीला हाक मारा, ती व्हती तेराव्याला. हां. बसा. स्नेहल हाय, नानाची." परत फोनजवळ आली. "स्पीकर केलाय. आता सांग."

"काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलं ते. सगळं. अन् मोठ्यानं बोल, ह्यांना कमी ऐकू येतं."

मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत बसले होते, पण उठून गेले नव्हते. तिकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं, कुणीतरी कुणाला तरी गप्प बस म्हणालं.

"मी स्नेहल," मी म्हणाले. "आत्याचे हात शेवटपर्यंत चांगले होते. ज्वारी वाईट होती. ती मी आणली होती, आणि तिला खोटं सांगितलं होतं."

"काय म्हणतीय?" मागून एका म्हाताऱ्या माणसाने विचारलं.

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, अजून मोठ्याने.